दिनविशेषवाल्यांनो, सही झाली म्हणजे कायदा लागू झाला असं नसतं

पेठेतला मास्तर
कालपासून आमच्या पेठेच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. '26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी हुकूम काढला आणि करवीरातली (कोल्हापूर संस्थानातली) विषमता संपली. 26 नोव्हेंबर 1949 ला घटना लागू झाली. 9 सप्टेंबर 2005 ला मुलींना पहिल्यांदा वडिलांच्या जमिनीत वाटा मिळाला.' खाली नुसते जोडलेले हात. इतिहास शिकवण्यात जन्म गेला माझा, त्यामुळे गप्प बसवत नाही.

घटना 26 नोव्हेंबरला स्वीकारली. नागरिकत्व, निवडणूक आयोग अशी मोजकी कलमं तेवढी त्या दिवशी लागू झाली, बाकी सगळी 26 जानेवारी 1950 पासून. शिक्षण हक्क कायद्याला सगळे 2009 चा म्हणतात, अंमल मात्र 1 एप्रिल 2010 पासून. गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक 1911 ला मांडलं, पुढच्या वर्षी ते पडलं. महाराजांनी 1917 ला कायदा केला आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. त्या काळचा एक रुपया! कायद्याला तिथं दात आले. साजरी करायची तर ती तारीख करा, सहीची कसली करताय?

पंचगंगाकाठ
मास्तर, महाराजांवर बोट उचलायच्या आधी 1902 चा हुकूम एकदा वाचायचा की. महाराज तेव्हा विलायतेत, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेलेले. हुकमात काय म्हटलंय? हुकूम पोचल्या तारखेपासून ज्या जागा भरल्या जातील त्यातल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांना. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातलीच. आणि नेमणुकांचा तिमाही तक्ता खातेप्रमुखांनी ठेवायचा. आज मंजूर अन् उद्या अंमल, हा खेळच नव्हता तिथं. तुमचा नियम दिल्लीला लावा, करवीरला नको.

पेठेतला मास्तर
बोट उचललं कुठं मी? 'विषमता संपली' यावर माझा आक्षेप आहे. 1902 लाच संपली असती तर 1919 ला पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले ठेवण्याचे हुकूम महाराजांना का काढावे लागले? अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा त्याच वर्षी बंद केल्या, म्हणजे तोवर चालू होत्या ना? माणगावची अस्पृश्यांची परिषद 1920 ची. महाराजांना स्वतःला जे संपलं असं वाटलं नाही, ते या पोस्टवाल्यानं एका ओळीत संपवलं.

गंगावेशीचा गडी
तारीख कुठलीबी असूदे. सुट्टी मिळत्या का तेवढं सांगा.

बावड्याचा काळा कोट
मास्तरांशी सहमत, नाइलाजानं. मुंबई हायकोर्टाच्या आपल्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचचंच घ्या. अधिसूचना 1 ऑगस्ट 2025 ची, उद्घाटन 17 ला, कामकाज 18 पासून. एवढी वर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, तरी माझ्या स्टेटसला फोटो 17 चा आणि कामाची तारीख 18. संसदेनं कायदा केला, राष्ट्रपतींची संमती आली, तरी 'अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवसापासून' एवढं एक वाक्य पहिल्या कलमात असलं की अशिलाला घरी पाठवायला लागतं.

नदीकाठचा शेतकरी
तारखेचं आम्हाला विचारा. 1 एप्रिल 1957, कुळकायद्यातला कृषक दिन. कसेल त्याची जमीन, म्हणजे दुसऱ्याचं शेत कसणारं कूळ त्या दिवसापासून मालक. पण मालकीण विधवा असली की कुळाची खरेदी पुढं ढकलायची, मालक अल्पवयीन किंवा सैन्यात असला तरी तेच. आमची आजी ऐन तिशीत विधवा झालेली. म्हणजे सगळ्या गावाला 1957 उजाडलं, आमच्या शेताला न्हाई. आजी गेल्यावर कुळानं मुदतीत कळवलं का न्हाई यावर दावा लागला. वडील तारखांना जात होते, आता मी जातोय. कुळाकडनं खंड (जमिनीचं भाडं) मिळत न्हाई, जमीन मिळत न्हाई, सातबाऱ्यावर दोघांची नावं. कोण कसला दिवस साजरा करतंय?

कुळाचा नातू
तुमच्या आजीचं वाईट वाटतं, खरंच. पण माझा आजा त्याच जमिनीत राबून निम्मं पीक मालकाच्या अंगणात टाकत होता. 1957 आलं नसतं तर मी आज इथं टाइप करत बसलो नसतो. एका घरचा दावा दाखवून कुळकायद्याला शिव्या घालू नका.

नदीकाठचा शेतकरी
शिवी कुठं दिली? तुमच्या आज्याला मिळाली ती आकाशातनं पडली होती का?

गडहिंग्लजची लेक
झालं, बांधावर आलात सगळे. त्या पोस्टमधली तिसरी ओळ मात्र कुणाला खुपली नाही.

माझं लग्न 1989 चं. महाराष्ट्रानं 1994 ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सेदार केलं, 22 जून 1994. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे धाकट्या बहिणीला हक्क आणि मला नाही, एकाच आईच्या पोटच्या. वडील 1998 ला गेले. 2005 चा कायदा आला तेव्हा भाऊ म्हणाले, तेव्हा वडील हयात नव्हते, तुझा संबंध नाही. संबंध नाही म्हणायचं आणि भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवायचं! मी सही केली नाही. त्या वर्षापासून माझी भाऊबीज बंद आहे.

पंचगंगाकाठ
ताई, राग मानू नका. लग्नात सोनं दिलं, मांडव घातला, बाळंतपणं केली. आई-वडिलांची दुखणी भावांनी काढली. आता गुंठ्याचा भाव वाढल्यावर बहिणींना कायदा आठवतो.

गडहिंग्लजची लेक
आईचं शेवटचं आजारपण माझ्या घरी निघालं. सोनं म्हणाल तर ते दीराच्या लग्नात सासरच्यांनी मोडलं. आणि महाराजांच्या हुकमातला प्रत्येक शब्द पाठ असणाऱ्याला बहिणीचं नाव निघालं की मांडवाचा खर्च बरा आठवतो!

गंगावेशीचा गडी
काठावरचे, बसला का ठसका?

बावड्याचा काळा कोट
ताई, तुमच्या भावांना दोन ठिकाणी उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं की मुलीचा हिस्सा जन्मानं आहे, 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही. लग्न कधी झालं हाही प्रश्न उरत नाही. आणि दुसरं, जे घरोघरी झाकून ठेवतात: वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे. 17 जून 1956. म्हणजे 1998 ला वडील गेले त्याच दिवशी, थोडा का होईना, तुमचा वाटा उघडला होता. 'पहिल्यांदा 2005 ला' हे त्या पोस्टवाल्याचं अज्ञान.

पंचगंगाकाठ
आणि आधीच वाटणी झालेली असली तर? आमच्यात 1996 ला तोंडी वाटणी झालीय, पाच पंच होते.

बावड्याचा काळा कोट
आता कळलं, तुम्हाला ताईंचा एवढा राग का येतो! 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणी झालेलं वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर ती वाटणी टिकते. नुसती तोंडी वाटणी सहसा टिकत नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. पंचांना साक्षीला आणा, किती उरलेत बघा.

पेठेतला मास्तर
मंडळी, धागा दिनविशेषाचा होता.

कुळाचा नातू
मास्तर, राहू द्या की. तुमच्या दिनविशेषापेक्षा हे कामाचं चाललंय. आमच्याकडं तीन आत्या आहेत, मला पण हेच विचारायचं होतं. कुळकायद्यात आलेल्या जमिनीत आत्यांचा वाटा येतो का?

नदीकाठचा शेतकरी
बघा! आता तुमच्या बांधावर आलं.

पंचगंगाकाठ
बरं, कायदा बहिणींच्या बाजूनं, मानलं. तुम्ही जिंकलात, हार घालतो. पण गावात तोंड आम्हाला दाखवायचंय, कोर्टाला न्हाई.

गडहिंग्लजची लेक
मीपण गावातच राहते, सासरच्या. मागच्या वर्षी नणंदेचा वाटा आम्ही काढून दिला, नोंद पण घातली. सासूबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत, तिच्याशी मात्र बोलतात. तुमच्या बहिणीचा नंबर असेल तर काळ्या कोटाला द्या.