मक्यात हुमणी: मित्र सूत्रकृमी आणलेत, सोडू का नको? (मदत हवी आहे)

माढेकर_मुरघास

नमस्कार मंडळी. उसाचा खोडवा मोडून दीड एकर मका केलीय, गायांच्या मुरघासासाठी (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी). जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली पेर. आता गुडघ्याच्या वर गेलीय, पण पाच-सहा ठिकाणी चट्टे पडलेत. ताटं आधी दुपारची माना टाकतात, मग पिवळी पडतात, आणि ओढलं की अलगद हातात येतात, खाली मुळ्याच नाहीत. काल तीन जागी फूटभर खणलं तर पाच अळ्या निघाल्या. पांढऱ्या, वेटोळं करून बसलेल्या, डोकं तांबूस, मुळ्या खाणारी हुमणीच वाटते.

वैरणीचं पीक म्हणून विषारी औषध नको वाटलं. व्हिडिओ बघून ईपीएनची (किडीला मारणाऱ्या मित्र सूत्रकृमींची, म्हणजे मातीतल्या बारीक जंतांची) पावडर मागवली, पुड्यावर हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका लिहिलंय. कुरिअरला चार दिवस लागले, पुडा हाताला कोमट लागत होता. आतले जीव जिवंत आहेत का मेलेत, हे घरी कसं ओळखायचं? व्हिडिओत पेरतानाच सरीत सोडतात, मग मला उशीर झाला का?

आणि खरी अडचण घरात आहे. आमची डाळिंबाची बाग निमॅटोडनं (म्हणजे सूत्रकृमीनंच) गेली, मुळ्यांना नुसत्या गाठी. आप्पा म्हणतात, "तिथं निमॅटोड घालवायला पैसे घातलं, आता इथं पैसे देऊन निमॅटोड सोडतो व्हय?" त्यांना काय सांगू? माझ्याही मनात तीच धाकधूक आहे.

माळावरचा

आधी अळी कुठली ते बघा. शेणखतातून शेणकिडेही रानात येतात, दिसायला तसेच. गुळगुळीत फरशीवर सोडा. पाठीवर उताणी होऊन सरपटत निघाली तर शेणकिडा, तो कुजलेलं खातो, मुळ्या नाही. कुशीवर वळवळत पडून राहिली तर हुमणी. आकारही सांगा. तीन अवस्थांतून जाते, शेवटच्या अवस्थेत अंगठ्याएवढी झाली की सूत्रकृमींनाही सहसा दाद देत नाही.

ठिबकवाला

आप्पांचं चुकत नाही, नावच फसवं आहे. डाळिंबात गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात सुई असते, ती मुळीत खुपसून तो रस ओढतो. तुम्ही आणलेल्याला ती सुईच नाही, मुळी त्याच्या कामाची नाही. तो अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून, श्वासाच्या छिद्रांतून आत शिरतो आणि पोटात सांभाळलेले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. साधारण दोन दिवसांत अळी मरते, मग तिच्याच अंगात त्यांची पिलावळ वाढते. ही जात मूळची आपल्याकडचीच, 1992 साली कोइमतूरच्या नमुन्यावरून तिचं वर्णन झालं. आप्पांना एवढंच सांगा, तो बोकड आणि हा लांडगा. बोकड पीक खातो, लांडगा पिकाकडे बघतही नाही.

जिवंतपणा बघायचा तर चिमूटभर पावडर बशीत, कोमट नको, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. खाली काळा कागद, वर भिंग. हे गडी काहीच नाही झालं की निपचित पडतात, म्हणून बशी हलवून बघा. वळवळले तर जिवंत, काडीसारखे ताठ ते मेलेले.

काळी_माती

व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतला. तिथली मुळं खाणारी कीड वेगळी, मक्याचा मूळकिडा (डायब्रोटिका). त्याची अंडी आदल्या हंगामापासूनच जमिनीत असतात, म्हणून पेरतानाच सोडतात. आपल्या हुमणीचा भुंगेरा वळीव पडल्यावर निघतो, संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर बसतो आणि मग अंडी घालतो. जुलै-ऑगस्टात अळ्या लहान असतात, म्हणजे तुम्हाला उशीर झालेला नाही. मेच्या शेवटी झाडाखाली भुंगेरे वेचले असते तर मात्र हा पुडा लागलाच नसता.

जाता जाता गंमत. 2005 च्या एका संशोधनात दिसलं की अळीनं मुळी कुरतडली की मका एक वास सोडते आणि त्या वासावर सूत्रकृमी येतात. अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत हा गुण निवड करता करता हरवलाय, युरोपातल्यांत शाबूत आहे. आपल्या संकरित वाणांचं कुणी तपासलंय का?

माढेकर_मुरघास

फरशीवर चारही कुशीवर पडल्या, एकही उताणी चालली नाही (पाचवी कोंबडीनं नेली). तीन करंगळीच्या पेराएवढ्या, एक मोठी. बशीत निम्म्याहून जास्त वळवळतात. चारही अळ्या ओल्या मातीच्या डब्यात पावडर टाकून ठेवल्यात. शेजारचे म्हणतात फोरेट (दाणेदार कीटकनाशक) टाक, विषय संपेल.

ठिबकवाला

फोरेट 2020 अखेर वापरायलाही बंद झालंय, आणि वैरणीत तर नावच नको.

सोडायचं असं: एकराला 100 कोटी सूत्रकृमी हा नेहमीचा हिशेब, पुड्यावरचा आकडा बघून चट्ट्यांपुरतं मोजा. निम्मे मेलेत तर मात्रा दुप्पट धरा. रान वाळलेलं असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या, वापसा (ओल आहे पण चिखल नाही असं) असताना संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडा, उन्हात मिनिटांत मरतात. पंपाचं नोझल आणि जाळी काढा, तणनाशकाचा पंप वापरू नका. ते तळाला बसतात, सारखं ढवळत राहा. आपली काळी माती चिकट, त्यांना लांब सरकता येत नाही, म्हणून काठीनं बुडक्याशी भोक पाडून ओता. नंतर हलकं पाणी, आणि दहा-बारा दिवस रान वाळू देऊ नका.

माढेकर_मुरघास

चौथ्या दिवशीचा हिशेब: डब्यातल्या दोन लहान अळ्या मेल्या, विटेसारख्या तांबड्या झाल्यात. तिसरी सुस्त आहे, मोठी ठणठणीत. आप्पांनी डबा दोनदा उघडून बघितला, बोलले काही नाहीत.

काल संध्याकाळी चट्ट्यांत आणि भोवतीच्या दोन-दोन ओळींत सोडलं. एक चट्टा मुद्दाम तसाच ठेवलाय, फरक दिसावा म्हणून. उरलेला पाव पुडा फ्रिजात ठेवला तर चालेल ना?

काळी_माती

नको. इंडिका उष्ण भागातली, फ्रिजची थंडी तिला सोसत नाही. माठाशेजारी सावलीत ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. अळी विटेसारखी तांबडी म्हणजे याच गटातल्या सूत्रकृमींनी मारलीय. अंधाऱ्या खोलीत डोळे जरा सरावू द्या, ताजी मेलेली कधी अंधुक चमकते, त्या जिवाणूमुळे.

माढेकर_मुरघास

मग उरलेलं आजच ढवळून सोडतो. राखलेला चट्टा आणि सोडलेला चट्टा पंधरा दिवसांनी खणून अळ्या मोजतो आणि इथंच आकडे टाकतो.