गाडीच्या तळाचा पत्रा गंजलाय, नुसतं अंडरकोटिंग चालेल का?

प्रश्न: ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याचे पापुद्रे निघतायत, शेजारचा सिलही (दाराखालची पोकळ पट्टी) फुगलाय. वरून अंडरकोटिंग (तळाला मारायचा संरक्षक थर) मारलं तर भागेल का?

उत्तर १: अजिबात नको! गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडत जातो. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि १ मिमीचा तुकडा वेल्ड करा. त्याआधी बॅटरी सोडवा, कार्पेट उचला, पेट्रोलची नळी जवळ असेल तर काढा.

उत्तर २: वेल्डिंग सलग ओढू नका, पत्रा वाकतो, एकमेकांपासून लांब छोटे छोटे टाके घालत जा. मग इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), सांध्यांना सीम सीलर (फट बुजवणारी पेस्ट), त्यावर कोटिंग. सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण) मारा, पण पाणी निघायची भोकं बुजवू नका.

उत्तर ३: फुगलेल्या सिलखाली जॅक लावू नका, आत दबेल.