शब्दचर्चा : फ्लटर म्हणजे फडफड?

विमानाच्या पंखांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'फ्लटर' पानोपानी येतो. 'फडफड' लिहिलं तर चिमणी उडाल्यासारखं वाटतं, 'कंपन' फारच मोघम. 'अनुनाद' चालेल का?

उत्तर १
'अनुनाद' कृपया नको. झोपाळ्याला आपण नेमक्या वेळी रेटा देतो, तो अनुनाद. तिथे ताल बाहेरून येतो. फ्लटरमध्ये वारा एकसारखा वाहत असतो, ताल पंख स्वतः धरतो. पंख वाकतो, वाकताना पिळतो, पीळ बदलला की हवेचा रेटा बदलतो आणि तो रेटा पुढच्या वाकण्याला बळ देतो. कमी वेगात हीच हवा हालचाल विझवते. एका वेगापलीकडे ती तिला पोसू लागते, आणि मग पंख तुटायला काही सेकंदही पुरतात. ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेला अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल अजून अनुनादाचं उदाहरण म्हणून शिकवला जातो, तोही खरं तर याच कुळातला.

उत्तर २
मला 'फडफड'च योग्य वाटते, फक्त क्रियापद जपा. चिमणी पंख फडफडवते, झेंडा फडफडतो. पहिलीत बळ चिमणीच्या स्नायूंचं, दुसऱ्यात वाऱ्याचं. विमानाचा पंख झेंड्याच्या बाजूला. 'पंखांची फडफड' म्हटलं की हा भेद पुसतो आणि चिमणी परत येते. म्हणून 'पंख फडफडू लागला' असं लिहा. आपल्या भाषेने हे आधीच वेगळं करून ठेवलंय, याचा मला फार आनंद होतो.

मूळ प्रश्नकर्ती
हे पटलं! आता 'मास बॅलन्स'? 'प्रतिभार' कोरडा वाटतो.

उत्तर २
'पासंग'. तराजूची पारडी समतोल करायला हलक्या बाजूला जे वजन बांधतात ते. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी झडप. त्याचं वजन बिजागरीच्या मागे जास्त असेल तर पंख वर उसळताना तो मागे राहतो, म्हणजे खाली झुकतो, आणि पंखाला आणखी वर ढकलतो. बिजागरीच्या पुढे शिशासारखं जड वजन बसवलं की हे थांबतं. रंगाचा नवा थर दिल्यावरही हा तोल पुन्हा तपासतात, कारण तेवढ्यानेही तो मागे सरकू शकतो.

उत्तर १
पासंग उत्तम. पण प्रत्येक उपाय पासंगाचा नाही. १९१६ मध्ये हँडली पेज कंपनीच्या एका ब्रिटिश बाँबफेकी विमानाची शेपटी भयंकर थरथरायची. डावा-उजवा एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरच्या आडव्या हलत्या झडपा, वेगवेगळे हलत होते, एक वर तर दुसरा खाली, आणि विमानाचं धड पिळवटत होतं. ब्रिटिश अभियंते लँचेस्टर यांनी दोन्ही एका मजबूत दांड्याने जोडायला सुचवलं. त्याला 'जोडदांडा' म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती
मग वाक्य असं करते : 'एलेरॉनला पासंग नसेल तर ठरावीक वेगापुढे पंख फडफडू लागतो.'