इमर्सिव्ह प्रदर्शनाला लहान मुलांना नेताना काय बघावं?

प्रश्न
इमर्सिव्ह, म्हणजे आपल्याला चारी बाजूंनी वेढून टाकणारं प्रदर्शन आहे: भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्शन, एक आरशांची खोली, एका दालनात पाण्यातून चालणं. मुलं चार आणि सात वर्षांची. धाकटी अंधाराला घाबरते. कपडे कसले घालावेत? दिव्यांचा त्रास होतो का?

उत्तर १
आधी अंधाराचं. उजेडातून आत गेल्यावर डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पण पहिल्या काही मिनिटांतच बराच फरक पडतो. तेवढा वेळ दाराजवळ भिंतीला टेकून थांबा, हात धरून. मोबाइलचा टॉर्च लावू नका, सरावलेले डोळे पुन्हा दिपतात. मग तिच्या उंचीला उकिडवं बसून बघा. तुमच्यासमोर फुलं तरंगत असतात तेव्हा तिच्यासमोर नुसते लोकांचे पाय असतात! भिंतीलगत मोकळी जागा शोधून तिथेच बसा. सगळी दालनं उरकायचा हट्ट नको. एकाच खोलीत अर्धा तास रमली तर रमू द्या.

जमिनीवरचं चित्र सरकतं तेव्हा डोळ्यांना आपण हलतोय असं वाटतं, आतल्या कानाला मात्र आपण स्थिर आहोत हे कळत असतं. त्यातून मळमळतं. मूल एकदम गप्प झालं, चेहरा उतरला, की खाली बसवून डोळे मिटायला सांगा आणि मग बाहेर आणा.

उत्तर २
गुडघ्यावर दुमडता येईल अशी पातळ पँट घाला, जीन्स लवकर वाळत नाही. तोक्योच्या टीमलॅब प्लॅनेट्स या अशाच प्रदर्शनात अनवाणी जावं लागतं आणि पाणी मोठ्यांच्या गुडघ्याला लागतं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला मांडीपर्यंत. जमिनीलाही आरसे असतात, म्हणून फ्रॉकखाली शॉर्ट्स हवीच.

आरशांच्या खोलीत पुढे वाट आहे असं वाटून मुलं धावतात आणि कपाळ आपटतं. एक हात पुढे धरून चालायला शिकवा.

हात लावायची फार हौस असेल तर जपानी कलाकार यायोई कुसामा यांच्या ‘ऑब्लिटरेशन रूम’सारखं काही शोधा. २००२ साली खास मुलांसाठी केलेली ती पांढरीशुभ्र खोली; रंगीत ठिपके चिकटवून मुलंच ती भरून टाकतात.

उत्तर ३
दिव्यांबद्दल: सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी (लुकलुकत्या उजेडाने फिट येणं) असलेल्यांना घातक ठरू शकतो. मुलाला किंवा घरात कुणाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्ट्रोब, म्हणजे झपाझप लुकलुकणारा दिवा, कुठल्या दालनात आहे ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. अचानक समोर आलाच तर नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून उजेड आत जातो. एक डोळा तळहाताने घट्ट झाकायचा, तोंड फिरवायचं आणि बाहेर पडायचं.

प्रश्नकर्ती
आभार! धाकटी मोठ्या आवाजालाही कानांवर हात ठेवते.

उत्तर १
मग मुलांचे इअरमफ (आवाज कमी करणारी कानांवरची झाकणं) घ्या, आणि आधी दोन-चार दिवस घरी खेळताना घालायची सवय लावा. तिथे पहिल्यांदाच घातले तर ती काढून टाकेल. स्पीकरपासून लांब बसा. बासची, म्हणजे खालच्या पट्टीतल्या घुमणाऱ्या आवाजाची थरथर जमिनीतून जाणवते, ती इअरमफने थांबत नाही. तिला तेव्हा मांडीवर घ्या.