पेंटबॉल: सराव भरपूर, स्पर्धेत मात्र पार धुव्वा. मदत हवी आहे

शिरीष_इंदूर:
दर रविवारी सकाळी बायपासजवळच्या मैदानावर जमतो, दोन तास रंगाच्या गोळ्या झाडतो, पोहे-जिलेबी खाऊन घरी. स्पर्धेत मात्र शिट्टी वाजते न वाजते तोच दोघं बाद, उरलेले अडकून पडतात. मुलं मेहनती आहेत, कोणी दांडी मारत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा उतरायचंय. ‘मजा म्हणून खेळा’ हा सल्ला कृपया नको.

माळवेकर:
किती जणांची टीम? मार्कर, म्हणजे गोळ्या झाडायच्या बंदुका, स्वतःचे की भाड्याचे? जंगलातला खेळ की हवा भरलेल्या आडोशांचा, म्हणजे हवेच्या बंकरांचा? काहीच सांगितलं नाहीये.

प्राजक्ता_म:
आणि दोघं बाद होतात ते धावताना की बंकरमागे पोचल्यावर?

शिरीष_इंदूर:
पाच-पाच. हवेचे बंकर. मार्कर भाड्याचे. धावताना. आता सांगा.

राहुल७:
भाड्याच्या मार्करवर स्पर्धा जिंकता येत नाही. आधी इलेक्ट्रॉनिक घ्या.

प्राजक्ता_म:
गोळीच्या वेगावर सगळ्यांनाच मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी सेकंदाला 300 फूट किंवा त्याहून कमी. इलेक्ट्रॉनिकने गोळ्या भराभर सुटतील, पण धावताना बाद होणारा माणूस कसा वाचेल?
शिरीष, समोरचे लेन धरतायत. दोन बंकरांमधल्या मोकळ्या पट्ट्यात आधीच मारा सुरू असतो आणि तुमचा माणूस त्यातच शिरतो. तेवढाच तुकडा सरावाला घ्या. एकाने पट्टा धरायचा, दुसऱ्याने सुरुवातीच्या जागेपासून बंकरपर्यंत पळायचं, मग अदलाबदल. खेळ काही सेकंदांचा, त्यामुळे तासाभरात प्रत्येकाची पाळी कितीतरी वेळा येते.

माळवेकर:
असे तुकडे करून खेळाडू घडत नाही. पूर्ण मॅच खेळा, मॅचच शिकवते.

प्राजक्ता_म:
मॅचमध्ये पहिल्या झटक्यात बाद झालेला बाकी वेळ बाजूला उभा राहतो. म्हणजे जो सगळ्यांत कच्चा, त्यालाच सगळ्यांत कमी सराव. यांचे रविवार तिथेच वाया जातायत.

माळवेकर:
1981 साली न्यू हॅम्पशायरच्या जंगलात 12 जणांमध्ये पहिला खेळ झाला. जिंकणारा एकही गोळी न झाडता झेंडे गोळा करून आला. हालचाल आणि डोकं महत्त्वाचं, ते पूर्ण खेळातूनच येतं.

प्राजक्ता_म:
तिथे झाडीत लपता येत होतं. इथे मैदान सपाट, सुरुवातीला पळणारा सगळ्यांना दिसतो.

खोखोवाले_काका:
पोरांना महिनाभर खो-खो खेळवा. खो मिळाल्याबरोबर खेळाडू पाटीवरून कसा उसळतो ते बघा. आमच्या वेळी रामबागेत रोज संध्याकाळी खेळायचो, आता तिथे गाड्या उभ्या असतात.

मृण्मयी:
कपड्यांवरच्या रंगाची काळजी करू नका, तो पाण्यात विरघळतो. गार पाण्यात भिजवा, निघतो.

शिरीष_इंदूर:
कपड्यांचं कोणी विचारलं नाही हो. अजून एक: बंकरमागे पोचलो तरी गोंधळ होतो. अर्धे मराठीत ओरडतात, अर्धे ‘लेफ्ट में एक’, आणि कोणाचा लेफ्ट तेच कळत नाही.

प्राजक्ता_म:
डावं-उजवं बंदच करा. प्रत्येक बंकरला एकच नाव ठेवा, दोन अक्षरी. एकाने ओरडलं की दुसऱ्याने तेच परत ओरडायचं, म्हणजे ऐकू गेलं हे कळतं.
बंकरमागून डोकावताना दरवेळी त्याच कडेने नको, समोरचा तिथेच नेम धरून बसलेला असतो. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि मार्करही हात बदलून धरायचा. मास्कचा अगदी थोडा भाग बाहेर, दोन गोळ्या, लगेच आत. डाव्या हाताने सुरुवातीला काहीच लागणार नाही, तरी सोडू नका.

राहुल७:
पावसाळ्यात हे सगळं वाया. जिलेटिनचं कवच ओल धरतं, गोळ्या फुगतात, नळीतच फुटतात. डबा उघडा ठेवू नका.

शिरीष_इंदूर:
प्राजक्ताताई, पळण्याचा सराव करायचा तर गोळ्यांचा खर्च वाढेल ना?

प्राजक्ता_म:
उलट कमी होईल. झाडणारा एकच असतो. पळणाऱ्याला मार्कर द्या, हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) रिकामा ठेवा. आणि मैदानात असेपर्यंत त्याने मास्क काढायचा नाही.