अमेरिकन सोल गायक कर्टिस मेफिल्डचा 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' अल्बम कोणी नीट ऐकलाय का?

बेसवाला: मला कर्टिस म्हणजे १९७२ चा 'सुपरफ्लाय', ती वा-वा पेडलवरची गिटार, कोंगा ढोल आणि वर तो पातळ फॉल्सेटो, म्हणजे बायकी वाटेल इतका उंच आवाज, एवढंच माहिती. आता त्याचा १९९६ चा 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ऐकतोय तर आवाज एकदम दबका, ओळी तुटक, बीट नव्वदीतल्या आर अँड बीचे. हळहळ वाटते म्हणून लोक याचं कौतुक करतात की अल्बम खरंच भारी आहे?

जुनी_तबकडी: खरंच भारी आहे. १३ ऑगस्ट १९९० ला ब्रुकलिनच्या मैदानातल्या शोत लाइटिंगचा सांगाडा वाऱ्याने त्याच्या अंगावर कोसळला आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं, गिटार कायमची सुटली. त्यामुळे हा अल्बम त्याने पाठीवर पडून गायलाय, एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून, कारण छातीत दम तेवढाच पुरायचा. तुला तुटक वाटतंय ते त्यामुळे. पण प्रत्येक शब्द तो तोलून टाकतो, 'हिअर बट आय अ‍ॅम गॉन' परत ऐक, शक्यतो हेडफोन लावून.

रिदम_राणी: +१. ते गाणं ऑर्गनाइझ्ड नॉइझचं, म्हणजे आउटकास्ट या हिप-हॉप जोडीचे अटलांटावाले प्रोड्यूसर. 'सुपरफ्लाय'मधल्या 'पुशरमॅन'मध्ये कर्टिस ड्रग विकणाऱ्याच्या तोंडून बोलतो, रुबाबात. इथे ज्याच्या तोंडून गाणं येतं तो माणूस स्वतःच नशेत वाया गेलाय, आणि मधे चोवीस वर्षं गेलीत. मला तर हे जास्त लागतं. प्रेमाची गाणी मात्र गुळगुळीत झालीत, दोनतीन कमी चालली असती.

बेसवाला: अरे हे माहितीच नव्हतं, थँक्स दोघांना. 'वी पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू' पण आहे ना यात, ते जुनंच का?

जुनी_तबकडी: हो, मूळ १९७० च्या 'कर्टिस' अल्बममधलं. त्यात मधेच सगळं थांबून तालवाद्यांचा धडाका सुरू होतो आणि मग परत संथ, तो भाग मला प्रचंड आवडतो, नव्यात तेवढी आग नाही. तरी काळ्या लोकांनी आपसात भांडून संपू नये हे तो पंचवीसेक वर्षांनी परत गातोय, कारण गरज तशीच होती. आधी १९७० चं ऐक, लगेच हे लाव.

रिदम_राणी: आणि 'मिस मार्था'वर गायिका मेव्हिस स्टेपल्स आहे, 'बॅक टू लिव्हिंग अगेन'वर गायिका अरीथा फ्रँकलिन, ती दोन सोडू नकोस.