अ‍ॅम्लोडिपिन १० वर पायाला सूज, बीपी तरी १५८/९६

प्रश्न:
पेशंट ५४ वर्षांचे, मधुमेह नाही. अ‍ॅम्लोडिपिन (बीपीची गोळी) ५ मिग्रॅचं १० केल्यापासून संध्याकाळी घोट्यांवर सूज. दम नाही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.९, लघवीत प्रथिनं नाहीत. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारी गोळी) जोडावं का?

उत्तर १:
नको. ही सूज अंगात पाणी साठल्याची नाही. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, शिरा तशाच राहतात. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. लघवीच्या गोळीने ते फारसं हलत नाही. डोस परत ५ वर आणा, टेल्मिसार्टन (बीपीचं दुसऱ्या गटातलं औषध) ४० जोडा. ते शिराही सैल करतं, त्यामुळे सूज उतरायला मदत होते. १-२ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांच्या आत वाढलं तर लगेच टेल्मिसार्टन बंद करू नका.

उत्तर २:
आधी १५८ खरा आहे का बघा. जाड दंडाला बीपी मोजायचा नेहमीच्या मापाचा पट्टा (कफ) बांधला की आकडा फुगतो. ५ मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजा, बाहीवरून नकोच. गुडघेदुखीसाठी परस्पर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक चालू आहे का? थेट नाव घेऊन विचारा, 'बाकी काही औषधं?' म्हटलं की 'नाही' हेच उत्तर येतं. डायक्लोफेनॅकने बीपी चढतं, सूजही येते.

प्रश्नकर्ता:
डायक्लोफेनॅक निघालंच, रोज एक. बंद करून पॅरासिटामॉल दिलं.

उत्तर १:
मग महिन्याने बघा. तरी बीपी १४० च्या वर असेल तर क्लोरथॅलिडोन (हीही लघवीची गोळी, पण इथे सुजेसाठी नाही, बीपीसाठी) ६.२५ सकाळी, आणि रक्तातल्या सोडियमवर लक्ष.